होडीची जन्मतारीख

"तां चेडू बोलणा नाय, पण सगळां लिवन घेता."

हे माझ्याबद्दल चाललं होतं. मालवणच्या मासळी बाजारात मी मम्मीच्या मागे पिशवी धरून उभी होते आणि दोन टोपल्यांपलीकडून शेवंतीकाकी शेजारणीला ही माहिती देत होती. हळू आवाजात; म्हणजे मासळी बाजाराच्या मानाने हळू, चार ओट्यांपर्यंतच जाईल असा. शेजारणीने बांगड्यांवर पाणी मारता मारता मला पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं आणि म्हणाली, "मगे तेकाच सांग. लिवलेलां ऱ्हवता."

माझ्या कामाचं इतकं नेमकं वर्णन दोन वर्षांत ऑफिसात कोणी केलं नव्हतं. नेमणुकीच्या पत्रात माझं पद 'कम्युनिटी एक्झिक्युटिव्ह' असं छापलेलं होतं. पप्पा चर्चबाहेर विचारणाऱ्यांना सांगत, आमची मेबल कम्प्युटरमध्ये आहे. दोन्हींतून काहीच कळत नसे, त्यामुळे मला दोन्ही सोयीची होती.

माझं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालं. घरी गोव्याकडची कोंकणी, शाळेत इंग्रजी, बाजारात मालवणी आणि कचेरीत मराठी, अशा चार भाषा मला येतात आणि चारही भाषांत मी गप्प बसू शकते. मुलाखतीत परुळेकर सरांना हाच गुण आवडला. आम्हाला लोकांचं ऐकून घेणारी व्यक्ती हवी आहे, असं ते म्हणाले. मी मान हलवली. नोकरी मिळाली.

काम होतं 'चव्हाटा' नावाच्या फोरमचं. ज्यांनी फोरम कधी पाहिला नाही त्यांनी बंदरावरचं बाकडं डोळ्यांसमोर आणावं. एकजण येतो, विषय काढतो आणि निघून जातो. दुसरा त्याखाली आपलं म्हणणं लिहितो. तिसरा दोघांचं खोडून काढतो. फरक एवढाच की बाकड्यावर बसलेली माणसं एकमेकांना दिसतात आणि इथे एकजण मालवणात, दुसरा डोंबिवलीत, तिसरा दोह्यात, चौथा कुठल्यातरी जहाजाच्या इंजिनाशेजारी असतो. सगळी सिंधुदुर्गातली. सगळ्यांना मासे, लग्नं, दशावतार आणि दुसऱ्याची चूक यांत सारखाच रस.

परुळेकर सरांनी पुण्यात नोकरीला असताना हौसेने तो सुरू केला होता. मग नोकरी सोडून ते मालवणला परत आले, भरड नाक्यावर औषधांच्या दुकानावरच्या दोन खोल्या घेतल्या आणि हौसेचा धंदा करायचं ठरवलं. दुसऱ्या खोलीत तळेऱ्याचा दिगंबर बसे. फोरमचं यंत्र त्याच्या ताब्यात. तो शनिवारी एसटीने घरी जाई आणि सोमवारी चेहऱ्यावर रस्त्यातली वळणं घेऊन परत येई. पहिल्या खोलीत मी. आमचं कर्मचारी मंडळ एवढंच.

२००७ साली पाऊस ओसरल्यावर सरांनी चव्हाट्याचं रूप बदलायला घेतलं. जुना चव्हाटा तपकिरी होता, अक्षरं लुकलुकत आणि एका कोपऱ्यात पाण्यावर डुलणारी शिडाची होडी होती. ती का डुलते हे दिगूलाही माहीत नव्हतं. नवा पांढरा आणि निळा. महिनाभर दोन्ही शेजारी शेजारी उघडे ठेवायचे, सभासदांनी नवा वापरून बघायचा आणि प्रत्येक पानाखालच्या 'अभिप्राय' या चौकटीत मत लिहायचं. ती मतं वाचायची, लावायची आणि दर शुक्रवारी सरांना अहवाल द्यायचा हे माझं काम. मी अहवाल टाइप करून देत असे. बैठकीला तीनच माणसं असत, तरी मला बोलावं लागू नये म्हणून कागदाच्या तीन प्रती काढत असे.

पहिल्या आठवड्यात अभिप्रायाच्या चौकटीत जे आलं ते सगळं 'छान' होतं. छान. खूप छान. अतिशय सुंदर, अभिनंदन. मी तसा अहवाल दिला आणि सर खूश झाले.

त्याच आठवड्यात मम्मीच्या मावसबहिणीचा मुंबईहून फोन आला. माझी चौकशी झाली, हवामान झालं आणि मग तिने सांगितलं की त्यांच्या इमारतीतल्या एक बाई मेबलच्या ऑफिसवर फार नाराज आहेत, पण मेबलला सांगू नकोस म्हणाल्यात. मम्मीने मला तासाभरात सांगितलं. मग पप्पांना बँकेत कोणीतरी थांबवलं. मग रविवारी चर्चमध्ये मासनंतर एका काकांनी पप्पांना सांगितलं की दोह्यातल्या जावयाला नवं पान मुळीच उघडत नाही. त्याच जावयाने चौकटीत 'अतिसुंदर' लिहिलं होतं.

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. आमच्याकडे तोंडावर कोणी नावं ठेवत नाही. कोणाच्या घरी जेवायला गेलं आणि आमटी खारट असली तर दोनदा वाढून घेतात, आणि आठ दिवसांनी ती गोष्ट त्या घरी तिसऱ्याच गावच्या माणसाकडून पोचते. कोणाला वाईट वाटत नाही, आणि आमटी सुधारते. सरांनी पुण्याची चौकट आणून लावली होती, आणि सभासदांनी तिच्यात पाहुण्यासारखी दाद दिली होती. खरं मत त्यांनी माणसाकरवी धाडलं होतं. ते आमच्या स्वयंपाकघरात येऊन साठत होतं.

मग मी एक वही केली. ऑफिसातून परतले की मम्मीला विचारायचं, आज काय आलं? आणि लिहून घ्यायचं. बाजारात, बसस्टँडवर, चर्चच्या पायरीवर कोणी काही बोललं की लिहून घ्यायचं. मासळी बाजारात माझी ख्याती झाली ती अशी. दुसऱ्या शुक्रवारी मी सरांना जो अहवाल दिला त्याचं उगमस्थान त्यांनी विचारलं. मी मान हलवली.

या धंद्यातलं जे काही मला कळलं ते त्या वहीनेच शिकवलं. तक्रारी तीन प्रकारच्या असतात: चूक, मागणी आणि रुसवा. पान उघडत नाही, ही चूक, दिगूकडे द्यायची. अक्षर मोठं करा, ही मागणी, सरांकडे द्यायची. बटण डावीकडे का नेलं, हा रुसवा. त्याचा बटणाशी संबंध नसतो. बटण मला न विचारता का नेलं, असं ते असतं. रुसव्याला सरांच्या तक्त्यात रकाना नव्हता. मी तो वाढवला, आणि बाकीचे दोन मिळून झाले नसते एवढा तो एकटा भरला.

नांदगावचे एक गृहस्थ होते, निवृत्त, घर रेल्वे स्टेशनच्या समोर. जुन्या चव्हाट्यावर ते रोज लिहीत, अमुक गाडी आत्ता गेली, पाऊण तास उशिरा. मुंबईहून निघालेल्यांचे नातेवाईक त्यावर स्वयंपाक लावत. सरांनी नव्या चव्हाट्यावर रेल्वेचं अख्खं वेळापत्रक घातलं, रंगीत. गृहस्थ गप्प झाले. आठवड्याने त्यांच्या भाच्याकडून निरोप आला: वेळापत्रक गाडी कधी येणार ते सांगतं, आली की नाही ते मी सांगत होतो. मी ते शब्दशः अहवालात लिहिलं. सर म्हणाले, पॉइंट आहे, आणि वेळापत्रकाचा रंग बदलला.

आणि त्या मुंबईच्या बाई, ज्यांनी मेबलला सांगू नकोस म्हटलं होतं. त्या मूळच्या आरोंद्याच्या. त्या आणि त्यांच्या दोन मैत्रिणी, तिघी तीन गावांत दिलेल्या, जुन्या चव्हाट्यावर 'माडावरील भुंग्याचा बंदोबस्त' या विषयाखाली भेटत. भुंग्याबद्दलचं शेवटचं वाक्य तिथे तीन वर्षांपूर्वी लिहिलं गेलं होतं. त्यानंतर चाळीस पानं फक्त सासरची माणसं होती. भुंग्याच्या चाळिसाव्या पानावर कोण येणार? पण नव्या चव्हाट्यावर सरांनी 'ताजं लेखन' नावाची पट्टी थेट दर्शनी पानावर लावली, आणि एका सकाळी तिघींपैकी एकीची जाऊ तिथे ठळक अक्षरांत झळकली. ती जाऊसुद्धा सभासद होती.

पट्टीतून भुंगा वगळायला दिगूला दहा मिनिटं लागली. कारण म्हणून मी 'कीटकनाशकांविषयी जुनी माहिती' असं लिहिलं. ते माझं ऑफिसातलं पहिलं खोटं, आणि त्याबद्दल मला अजून पश्चात्ताप नाही.

हे सगळं सांगितलं ते समुद्रलक्ष्मीपर्यंत यायला. हे तिचं खरं नाव नाही. ज्यांना ओळखायची ते ओळखतील आणि ओळखून गप्प बसतील. सर दिवाळी अंक वाचत नाहीत.

समुद्रलक्ष्मी ही आमची सभासद, दोन वर्षांपासूनची. सकाळी तिचं लेखन असे, तारेसारखं तुटक, पूर्णविरामाशिवाय (इथले मी घातलेत): "आज मतलय बरो. बांगडो गावलो." मतलय म्हणजे जमिनीवरून समुद्राकडे वाहणारा पहाटेचा वारा, होड्या त्यावर निघतात. कधी ती तिसऱ्याच शैलीत तारल्यांच्या तिखल्याची कृती लिही, कधी चावट विनोद. पण मुख्य म्हणजे ती स्वतःशीच भांडे. सकाळी लिही, "आज मतलय बरो." दुपारी तिचंच उत्तर, लांब वाक्यांत, पूर्णविराम देऊन: "मतलय पडल्यार खडपाच्या बाजूक जाळी टाकू नये. गेल्या वर्सा फाटली." संध्याकाळी परत: "ज्येका एवढां कळता तेणी हय येवन सांगूचां." आणि दुसऱ्या दिवशी: "ज्येका आयकाचांच नाय तेका हय येवन तरी काय सांगूचां?"

लोकांना हे फार आवडे. विनोदी लेखन आहे असं सगळे धरून चालत. खाली कोणीतरी हमखास लिही, "गो समुद्रलक्ष्मी, आदी तुझा तुया ठरव, मगे आमका सांग." मी मात्र तिला एकदा नियमाप्रमाणे ताकीद पाठवली होती, एकाच धाग्यात वाद वाढवू नये म्हणून. तिने उत्तर दिलं नाही.

प्रत्येक लेखनामागे यंत्राला एक आकडा दिसतो. त्यावरून ते कुठल्या देशातून, कुठल्या गावाच्या आसपास लिहिलं गेलं ते कळतं. माणूस कळत नाही. एकदा सहज मी समुद्रलक्ष्मीचे आकडे काढून पाहिले. तुटक वाक्यं मालवणच्या बंदराजवळच्या सायबर कॅफेतून येत होती. पूर्णविराम मस्कतहून.

मी ती खिडकी बंद केली. दुसऱ्याचं पत्र चुकून उघडलं की माणूस जसा इकडेतिकडे बघतो तसं पाहिलं. दिगू आपल्या खोलीत शेंगदाणे खात होता.

तर, नव्या चव्हाट्याचा सर्वांत मोठा नियम होता 'एक माणूस, एक खातं'. तिथे वधूवर सूचक विभाग येणार होता आणि त्यात बोगस माणसं नकोत, हे सरांचं म्हणणं रास्तच होतं. प्रत्येक सभासदाने खरं नाव, आडनाव, जन्मतारीख द्यायची. ज्यांचा संशय येईल त्यांना मी फोन करून विचारायचं, हे खातं तुमचंच ना, आणि तुम्ही एकटेच वापरता ना? संशयितांची यादी दिगूच्या यंत्राने काढली. त्यात सर्वाधिक भरणा होता तो एक जूनला जन्मलेल्यांचा. आमच्याकडच्या एका पिढीची जन्मतारीख शाळेच्या मास्तरांनी ठरवली आहे, आणि मास्तरांना एक जून सोयीचा असे. यंत्राला एवढी माणसं एकाच दिवशी जन्मली हे पटलं नाही. त्या यादीत सरांचे वडीलही होते.

फोन करणं मला किती जड जातं हे मी इथे लिहीत नाही. मी प्रश्न कागदावर लिहून तो वाचत असे. एक जूनवाले सगळे सुटले. शेवटी यादीत एकच नाव राहिलं.

समुद्रलक्ष्मीने त्याआधीच आपलं मत दिलं होतं. चौकटीत 'छान' न लिहिणारी ती एकटीच. "नवो चव्हाटो बगलंय. रंग बरो आसा. पण जल्मतारीख इचारता. माका जल्मतारीख नाय. माका सुतारान बांदल्यान." दुपारी त्याखाली मस्कतहून आलं: "वरचां बरोबर आसा." दोन वर्षांत तिचं स्वतःशी एकमत झाल्याची मला सापडलेली ही पहिलीच नोंद. सरांना त्यात थट्टा दिसली. मला काय दिसलं ते मी कुठल्याच रकान्यात घातलं नाही.

त्यानंतरच्या मंगळवारी मी बाजारात मम्मीच्या मागे उभी होते आणि शेवंतीकाकी शेजारणीला माझ्याबद्दलचं ते वाक्य सांगत होती. मग तिने मला बोटानेच बोलावलं. टोपलीमागे एक उपडी बादली होती, तिच्यावर बसायला लावलं. मम्मी पलीकडे सुरमईचा भाव करत राहिली; तिचं पाठ फिरवणं मला ओळखू येतं.

काकीने जे सांगितलं ते थोडक्यात असं. समुद्रलक्ष्मी त्यांची होडी. काकीचा नवरा तिचा तांडेल, म्हणजे होडी चालवणारा. मुलगा संजय त्याच्याबरोबर जाई. सायबर कॅफे निघाला तेव्हा होडीच्या नावाने चव्हाट्यावर खातं त्यानेच उघडलं. होडीवरचे सगळे त्यात लिहीत. पासवर्ड म्हणजे होडीचा नंबर, जो नाळीवर, म्हणजे होडीच्या पुढच्या टोकावर, दोन्ही बाजूंनी रंगवलेला आहे. मग संजय मस्कतच्या गोदीत कामाला जायला निघाला. निघाला तो नारळी पौर्णिमेच्या आदल्या दिवशी. दुसऱ्या दिवशी हंगामाची पहिली होडी पाण्यात लोटताना नाळीला हात लावायला घरचा मुलगा नाही, ही गोष्ट बापाला बंदरावर सगळ्यांदेखत सोसावी लागली. त्याने तिथेच, सगळ्यांदेखत, शपथ घेतली की या मुलाशी पुन्हा बोलणार नाही. माणूस शब्दाचा पक्का. संजय फोन करतो तेव्हा तांडेल अंगणात जातो.

पण सकाळी आणि पुन्हा संध्याकाळी तो सायबर कॅफेत जातो आणि एका बोटाने वारा आणि मासळी लिहितो. संध्याकाळी काकी त्याला चहाला बोलवायला जाते आणि खुर्चीमागे उभी राहते. तिची चौथी झाली आहे. दोघं पडद्यावरचं वाचतात. मग घरी येऊन चहा पितात.

"शपत ह्येंनी घेतल्यानी," काकी म्हणाली. "होडयेन घेवक नाय."

मी वही काढली नव्हती. तिने ते पाहिलं असावं.

"तुमी खरां नाव शोदून काडतास म्हणान आयकलंय, बाय. ह्येंका ठावक आसा कोण लिवता तां. झिलाकय ठावक आसा. पण ठावक आसा ह्या कोणी बोलाचां नाय. बोललां काय संपलां."

एवढं सांगून ती गिऱ्हाइकाकडे वळली. मम्मीच्या पिशवीत तिने न मागता चार बांगडे टाकले, आणि मम्मीने ते न दिसल्यासारखं केलं.

मला एरवी कोडं उलगडायला वेळ लागतो, पण हे सरळ होतं. खातं बापाच्या नावावर केलं की मुलगा बापाच्या नावाने लिहिणार नाही. मुलाच्या नावावर केलं की बाप त्या पानावर बोटही ठेवणार नाही. दोघांना वेगळी खाती दिली की एकाने दुसऱ्याशी बोलल्यासारखं होईल आणि शपथ मोडेल. होडीवरच्या इतर कोणाला पुढे करायचं तर त्याला कारण सांगावं लागेल. म्हणजे बोलावं लागेल. जिच्यातून दोघं बोलतात ती होडी कोणाच्याच नावावर नव्हती, म्हणूनच चालत होती.

मी लेखी प्रयत्न केला. संयुक्त कुटुंबं, मंडळं, दुकानं अशांसाठी 'सामूहिक खातं' असा प्रकार असावा, असं दीड पानाचं टिपण सरांना दिलं. होडी हा शब्द यादीत चौथा, सहज पडल्यासारखा. सर म्हणाले, कल्पना चांगली आहे, दुसऱ्या टप्प्यात बघू. सरांच्या दुसऱ्या टप्प्याबद्दल दिगू म्हणायचा की त्याच्या बायकोने त्या टप्प्याची वाट बघता बघता दोन मुलांना जन्म दिला.

नियमाप्रमाणे फोनही करावा लागला. नोंदीतला नंबर घरचा होता. पुरुषाने उचलला. मी कागदावरचा प्रश्न वाचला: समुद्रलक्ष्मी हे खातं आपलंच आहे का आणि आपण एकटेच वापरता का? पलीकडून आधी कोंबडी ऐकू आली.

"ती होडी आसा," आवाज म्हणाला. "होडयेक कोण फोन करता?"

आणि फोन ठेवला. मी नोंद केली: संपर्क झाला, खात्री झाली नाही.

शेवटच्या शुक्रवारी बैठक झाली. सोमवारी जुना चव्हाटा बंद होणार होता. सर टेबलाच्या एका बाजूला, दिगू आपला कम्प्युटर उघडून दुसऱ्या बाजूला, मी तीन प्रती घेऊन मध्ये. सगळी कामं हातावेगळी झाली. मग सरांनी यादीवरच्या एकुलत्या नावावर पेन टेकवलं.

सर वाईट माणूस नव्हते. त्यांनी महिनाभर रात्रीची झोप घालवून ते पांढरं-निळं काहीतरी उभं केलं होतं, आणि त्यांना चौकटीत सगळीकडून 'छान' आलं होतं. फक्त एका ठिकाणी त्यांना कोणी तोंडावर खरं सांगितलं होतं, तेच त्यांना लागलं होतं. त्यांनी छापून आणलेला कागद काढला आणि समुद्रलक्ष्मीचं आदल्या दिवशीचं लेखन वाचून दाखवलं. त्यांची मालवणी बरीच वर्षं पुण्यात ठेवलेली, त्यामुळे ते वाक्य त्यांच्या तोंडून एखाद्या आरोपपत्रासारखं आलं: "पुण्याक जावन इल्यावर माणसाक वळखपत्र दिसता, माणूस दिसणा नाय."

मला ते मस्कतचं वाटलं. पूर्णविराम होता.

सर म्हणाले की टीकेला त्यांची हरकत नाही, पण टीका करणाऱ्याला तोंड असावं. हे खातं एकजण वापरत नाही, किंवा वापरत असेल तर त्याचं डोकं ठिकाणावर नाही. स्वतः लिहायचं, स्वतःच खोडायचं. दुसरा एक संशयही त्यांनी बोलून दाखवला: हे आपल्यापैकीच कोणीतरी असावं, ऑफिसातल्या गोष्टी माहीत असलेलं. ते दिगूकडे पाहून हसले, पण अर्धवट. कर्मचाऱ्यांनी टोपणनावाने चव्हाट्यावर लिहायचं नाही, अशा कागदावर आम्ही दोघांनी सुरुवातीलाच सही केली होती. तसं केल्यास नोकरी जाईल असं त्या कागदावर होतं.

दिगूने वर पाहिलं नाही. आकडे त्यालाही दिसत. त्याने ते कधी पाहिले होते की नाही, हे मला त्या क्षणापर्यंत माहीत नव्हतं. त्याच्या वर न पाहण्यावरून कळलं.

"या खात्यामागे एक खरा माणूस आहे असं कोणी आत्ता सांगितलं, तर ठेवू," सर म्हणाले. "नाहीतर दिगंबर, काढून टाक."

दिगूने खातं उघडलं. काढून टाकायचं बटण लाल केलं होतं, सभासदांच्याच मागणीवरून. त्याने माऊसवर हात ठेवला आणि मग त्याला एकाएकी चष्मा पुसावासा वाटला. तो बराच वेळ पुसत राहिला.

माझ्यासमोर कोरा कागद होता. एरवी मी त्यावर दोन ओळी लिहून तो सरांकडे सरकवला असता. पण लिहायचं तर खरं लिहावं लागलं असतं, आणि ते लिहिलेलं राहिलं असतं, तारखेसह फायलीला लागलं असतं. खोटं मात्र मला कागदावर कधी नीट जमलेलं नाही. भुंग्याचं सोडलं तर. दिगूने चष्मा डोळ्यांवर चढवला. मंगळवारच्या बादलीवर बसल्यासारखी माझी पाठ ताठ झाली होती. मला आठवतं ते एवढंच की मी उभी राहिले, ज्याची तीन माणसांच्या बैठकीत काही गरज नव्हती, आणि सर माझ्याकडे बघू लागले, कारण दोन वर्षांत मी त्या टेबलाशी तोंड उघडलेलं त्यांनी पाहिलं नव्हतं.

"ती मी आहे, सर," मी म्हणाले. "दोन्ही बाजूंनी मीच भांडते."